हात तुझा फिरला नव्हता, नंदा

नंदा,

फ्रिजमध्ये बी ठेवणारी बाई मी जन्मात एकच बघितली. ओल्या फडक्यात गुंडाळून, दुधाच्या पातेल्याशेजारी, महिनाभर. मी मुरगूडला तीस वर्षं ऊस केला, भुईमूग केला, मिरची केली. बी राखेत घोळायचं आणि कोरड्या मडक्यात ठेवायचं, एवढंच मला ठाऊक. तुला म्हणालो, "बी हाय का श्रीखंड हाय गं?" तू हसली नाहीस. म्हणालीस, "मामा, त्येच्या मुलखात बर्फ पडतंय. थंडी सोसल्याबिगर त्ये डोळं उघडत न्हाय." मी म्हणालो, आपल्या मुलखात आलंय तर आपल्यावानी वागू दे, बर्फाचे लाड हितं चालायचे न्हाईत. तू फडकं परत ओलं केलंस आणि आत ठेवलंस. तुझं तसंच असायचं. माझं बोलून होईपर्यंत तुझं काम करून झालेलं असायचं.

तुला माती देऊन आज नऊ दिवस झाले. दिनकर कालपासून कामावर जातोय. नवरा म्हणून त्याला काय वाटतंय ते तो मला सांगत नाही आणि मी विचारत नाही. तुझी लेक राणी मातीला आली ती पाच दिवस राहून इचलकरंजीला सासरी गेली. दुपारचा मी एकटा असतो. घरालगतच्या परड्यात बाज टाकून बसतो. माझ्याकडच्या अंगाला वांगी आहेत, तुझ्याकडच्या अंगाला विटांचा वाफा आहे. त्यात गवत आहे.

ते परडं तू मला अर्धं वाटून दिलं होतंस. राणीची आजी गेली, रान वाट्यानं लावलं आणि मी कोल्हापूरला तुमच्याकडं आलो, तेव्हा मला वाटायचं की आता आपण खुर्चीवर ठेवलेलं गठुळं. चहा आला की प्यायचा, ताट आलं की जेवायचं. आठ दिवस मी परड्याकडं तोंड करून बसलेला तू बघितलंस आणि नवव्या दिवशी खुरपं आणून माझ्यापुढं ठेवलंस. म्हणालीस, "तुळशीपासनं पलीकडचं तुमचं, अलीकडचं माझं. एकमेकाच्या रानात जायाचं न्हाय." माझ्या पोटच्या पोरालाही हे सुचलं नव्हतं. सासऱ्याला सून जेवायला घालते. तू मला काम घातलंस. ह्याबद्दल तुला मी कधी चांगलं म्हटलं का? नाही. पहिल्याच दिवशी म्हणालो, तुझ्याकडंच ऊन जास्त येतंय.

तुझ्या भावानं ती पुडी अमेरिकेहून पाठवली तेव्हा अठ्ठ्याण्णव साल असेल. पुडीवर चित्र होतं. फुलाच्या पाकळ्या गुलाबी-जांभळ्या, खाली झुकलेल्या, आणि मधोमध तांबूस काट्यांचा गोंडा, पाठीवरचे काटे उभे केलेल्या साळिंदरासारखा. इंग्रजी नाव कोनफ्लॉवर. साळिंदराला आमच्याकडं साळू म्हणतात, म्हणून मी त्याचं नाव साळूचं फूल पाडलं. पुढं सगळी गल्ली तेच म्हणायला लागली. तूसुद्धा.

त्या वाफ्यावरून आपण किती भांडलो. तू विटा रचून माती गुडघाभर वर उचललीस, तीत वाळू घातलीस, मुरूम घातलास. मी शेणखताची पाटी घेऊन उभा, आणि तू म्हणतेस नको. खत घातलं की ते माजतं, उंच होतं आणि लोळतं. पाणी रोज दिलं की मूळ कुजतं. मी म्हणालो, कोल्हापुरात राहून पाण्याला भिणारं पीक कशाला करायचं? तुझं उत्तर मला अजून आठवतं. "म्हणूनच वाफा वर उचललाय की, मामा." पावसाळ्यात डोक्यावर पोतं घेऊन तू वाफ्याभोवतीचा चर मोकळा करायचीस. पानांवर पांढरी भुरी आली की आंबट ताकाचं पाणी शिंपडायचीस. पहिल्या वर्षी नुसती पानं आली. खरबरीत, मांजराच्या जिभेसारखी. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, आमच्या सूनबाईनं अमेरिकेची भाजी केलीय.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी फुलं आली. सतरा. मी मोजली होती, तुला सांगितलं नव्हतं. फूल महिना महिना कोमेजत नव्हतं. फुलपाखरं यायची, काळ्या मधमाश्या यायच्या. मी माझ्या वांग्यांकडं तोंड करून बसायचो आणि मान वळवून तुझ्याकडचं बघायचो.

मग वाळक्या बोंडांचं भांडण. तू अर्धी फुलं कापायचीस म्हणजे नवी येतात, आणि अर्धी तशीच झाडावर वाळू द्यायचीस. काळीकुट्ट बोंडं काठ्यांवर उभी. मी म्हणायचो, दारात असलं वाळलेलं ठेवू नये, बघणाऱ्याला वाटतं घरात काय तरी झालंय. तू म्हणायचीस, पाखरं खातात. आणि खायची. इवलाली तपकिरी पाखरं त्या बोंडावर उलटी लटकून बी टिपायची. त्यातलं थोडं बी तू डबीत राखायचीस.

दिवाळीनंतर गड्डे फोडून तू गल्लीत वाटलेस. शेजारच्या इंदुबाईला तीन दिलेस. तिनं कुंडीत लावले, रोज तांब्याभर पाणी घातलं, महिन्यात सडले. आणखी दोघींचं तेच झालं. तेव्हापासून बायका म्हणायला लागल्या की झाडात काय नाही, नंदाच्या हाताला गुण आहे. तुळस लावायची तर नंदाला बोलव. कारल्याचा वेल लावायचा, पहिलं बी नंदाच्या हातनं. आणि वैशाखात लोणचं घालताना फोडींना मीठ लावायला नंदाचा हात. चार-पाच घरची लोणची तुझ्या हातची असायची. दुपारी कोपरापर्यंत हळद लागलेली तू घरी यायचीस आणि मला चहा टाकायचीस. तुझ्या तोंडावर तेव्हा जे असायचं ते मी सहा वर्षं झाली, बघितलेलं नाही.

आता पुढचं लिहितो.

सहा वर्षांपूर्वीच्या पौषात तुझी आई, अव्वा, आजारी पडली आणि तू संकेश्वरला माहेरी महिनाभर राहिलीस. जाताना मला सांगून गेलीस, "मामा, वाफ्याला आठवड्यानं एक तांब्या. जास्त न्हाय." तुझ्या मागं त्या झाडांची पानं करपली, काड्या झाल्या. नुसतं काळं वाळण. मी तांब्या ओतत होतो, पण मनात म्हणत होतो की मेलेल्याला पाणी पाजतोय. त्यात तू आल्यावर राणीला बघायला पहिलं स्थळ येणार होतं. पोरीला बघायला पावणं येणार आणि दारी वाळलेल्या काठ्या. मला ते पटलं नाही. तू यायच्या आधी परडं लख्ख करावं, मेथी टाकावी, तुझं तेवढं काम वाचावं, असंही मनात होतं. हे खोटं नाही. पण त्याहून जास्त हे होतं की तुझ्या रानात एकदा माझी कुदळ चालवायची.

वरच्या काड्या कापल्या. मग कुदळ घातली आणि गड्डे उपटले. सगळे. अकरा होते. शेवटचा झटकताना माती पडली आणि दिसलं की मुळाच्या माथ्याशी पांढरे-तांबूस डोळे आलेत. जिवंत. उसाच्या बेण्यावर असतात तसे.

मी खोडवा घेतलेला माणूस, नंदा. ऊस तोडून नेला की रानात नुसते बुडखे राहतात, आणि त्याच बुडख्यातनं पुढच्या वर्षाचा ऊस येतो. वर वाळलं म्हणून खाली मेलं असं नसतं, हे मी दुसऱ्यांना शिकवलंय. आणि तुझं झाड मी वरनं बघून मेलं ठरवलं.

त्या वेळी तरी तसेच हळू लावून गप बसायचं. मी घाबरलो. गड्डे परत पुरले, पण काही मुळं कुदळीनं तुटली होती. ती भरून यावीत म्हणून दोन पाट्या शेणखत घातलं, अर्धं कच्चंच होतं, आणि तू येईपर्यंत रोज बादलीभर पाणी. तू जे जे नको म्हणाली होतीस ते सगळं. वरची माती सारखी केली, विटा बसवल्या, तुझ्या खुरप्यानं रेघा ओढल्या. कुणाला कळलं नसतं.

तू आलीस, वाफा बघितलास. मी म्हणालो, वाळलेलं वरवरचं कापलं. तू म्हणालीस, "बरं केलंसा." शेणाचा वास तुला आला असणार. नाक काय माझं एकट्याचंच होतं? पण तू विचारलं नाहीस.

फाल्गुन गेला. रोज सकाळी चहाचा कप घेऊन तू वाफ्याशी उकिडवी बसायचीस, बोटानं माती सारून बघायचीस. मी पेपरात डोकं घालायचो. चैत्र गेला. वैशाखात इंदुबाई आणि आणखी दोघीजणी तुला लोणच्याला बोलवायला आल्या, आणि त्यांच्यापुढंच तू खुरपं घेऊन वाफा उकरलास. हातात काळा चिखल आला. तू तो तळव्यावर घेऊन माझ्याकडं बघितलंस.

"मामा, काय चुकलं असंल वो माझं?"

तू बघत होतीस, त्या तिघी बघत होत्या. मी म्हणालो, "चुकायचं काय? हात फिरला तुझा. गुण गेला हाताचा."

एवढंच. ते बोलून मी तंबाखू मळायला लागलो.

त्या वर्षी इंदुबाईनं लोणच्याला दुसऱ्या बाईला बोलावलं. तुला कोण काही बोललं नाही, बोलणार कशाला? बोलावणं आलं नाही, बास. पुढच्या वर्षी कारल्याचं बी आलं नाही, तुळस आली नाही. घरचं लोणचंही तू घालायची बंद झालीस. फोडी करायचीस, मसाला कुटायचीस, आणि मीठ लावायला इंदुबाईला हाक मारायचीस. राणीच्या लग्नाच्या वर्षी आठ किलोचं लोणचं होतं. पोटच्या पोरीच्या लग्नाचं. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पदरात हात गुंडाळून उभी, आणि आत परकी बाई परातीत हात घालतेय. मी बाहेरच्या खोलीतनं ते बघितलं. तिथनं चार पावलं होती. मी पावण्यांना पान लावून देत बसलो.

भावानं दुसरी पुडी पाठवली. तू फोनवर त्याला म्हणालीस, आता नको रे, माझ्या हाताला येत न्हाय. तुझ्या डबीतलं बी मी एकदा चोरून घेतलं आणि माझ्या वांग्यांच्या आडाला टाकलं. फ्रिजमध्ये ठेवायला पाहिजे होतं, पण ठेवलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. तसंच टाकलं. काही उगवलं नाही.

आणि तो दिवस. राणीचं लग्न होऊन वर्ष झालं असेल. मी जेवत होतो, तू भाकरी थापत होतीस. माझ्याकडं न बघता म्हणालीस, "मामा, रागावू नगासा. त्या वक्ताला मी माहेरी असताना तुमी वाफ्यात काय केलं न्हाईसा न्हवं?"

मला व्हय म्हणायला एक घास गिळण्याएवढा वेळ लागला असता. मी ताट सारलं. म्हणालो, "या वयात सुनंनं चोर ठरवायचं राहिलं होतं, ते बी झालं."

तू तव्यावरची भाकरी तशीच सोडून आलीस आणि माझ्या पायाला हात लावलास. म्हणालीस, चुकलं माझं. पिठानं भरलेले हात. मी पाय मागं घेतले नाहीत, नंदा. मी ते तुला करू दिलं. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा तू उठलीस.

दवाखान्यात तू बारा दिवस होतीस. कावीळ पोटात उतरली म्हणाले. मी रोज बसनं यायचो, मोसंबी सोलत बसायचो. रोज ठरवून यायचो की आज सांगायचं. शेजारच्या खाटेवर माणसं असायची. माणसं नसली की तू झोपलेली असायचीस. जागी असलीस की तूच बोलायचीस. वांग्याला अळी लागली असेल, राख मारा. तुमचं धोतर वरच्या कप्प्यात आहे. दिनकरला म्हणावं डबा धुवून आण. दहाव्या दिवशी आपण दोघंच होतो आणि तू जागी होतीस. डोळे हळदीसारखे पिवळे. मी म्हणालो, नंदा, मला तुला एक सांगायचंय. तू म्हणालीस, "सांगा की." आणि मी म्हणालो, यंदा ऊन लय हाय. तू म्हणालीस, व्हय, लय हाय.

त्या "व्हय"मध्ये तुला कळलेलं होतं का, हे मला आता कोण सांगणार? कधी वाटतं तुला पहिल्यापासून ठाऊक होतं, शेणाच्या वासापासून, आणि म्हाताऱ्याची अब्रू झाकायला तू आपल्या हाताला बोल लावून घेतलास. कधी वाटतं नाही, तू खरंच मानलंस, आणि आपला हात वाईट म्हणतच गेलीस. ह्यातलं कुठलं बरं म्हणायचं? मला दोन्ही सोसत नाहीत.

तुझ्या मातीनंतर तिसऱ्या दिवशी इंदुबाई पिठलं-भाकरी घेऊन आली. बरोबर गल्लीतल्या चार बायका. रीतीप्रमाणं तुझं चांगलं चांगलं बोलायला लागल्या. मी खुर्चीवरनं उठलो आणि सगळं सांगितलं. कुदळ, अकरा गड्डे, डोळे, शेणखत, पाणी. म्हणालो, तिच्या हाताचा गुण गेला न्हवता. मी मारली ती झाडं. मी खोटं बोललो.

इंदुबाईनं डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, पोचलं. मग ती म्हणाली, "आबा, लय जीव होता तुमचा तिच्यावर. पर गेलेल्याचं आपल्या माथ्यावर घेऊ नये. हातात गुण असणं-नसणं काय बाईच्या हातात हाय व्हय? त्येचं कोण वाईट मानत न्हाय आता."

मी म्हणालो, माझ्या माथ्यावर घेत न्हाय, हाय त्येच सांगतोय. दुसरी एक म्हणाली, सासरा असावा तर असा. सुनेसाठी स्वतःला बोल लावून घेतोय बघा. मी आवाज चढवला. तेव्हा त्यांनी एकमेकींकडं बघितलं, आणि इंदुबाईनं मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं.

संध्याकाळी दिनकरला सांगितलं. तो म्हणाला, "आबा, बास करा. माझी बायको गेलीया आन् तुमी फुलांचं काय घेऊन बसलाय?" त्याचंही खरं आहे. त्याला मी पुन्हा सांगितलं नाही.

सहा वर्षांपूर्वी मी तंबाखू मळता मळता एक वाक्य बोललो. ते त्या बायकांनी लगेच मानलं, कारण मी बोललो होतो. माझ्या शब्दाला गल्लीत वजन होतं, त्याचा मला ताठा होता. आता तेच तोंड खरं बोलतंय तर त्याला दुःखानं भ्रमलेल्या म्हाताऱ्याचं तोंड म्हणतात. मी तुला जे चिकटवलं ते माझ्याच्यानं निघत नाही.

पण मी गप्प बसणार नाही. परवापासून एकेका घरी जातोय. ज्या ज्या घरच्या लोणच्याला तुझा हात लागायचा त्या घरी. परवा इंदुबाईकडं, काल त्या पलीकडं, आज कोपऱ्यावरच्या घरी. दारात काठी टेकून उभा राहतो आणि पहिल्यापासून सांगतो. ते आत बोलावतात, पंखा लावतात. सगळं ऐकून घेतात. आज त्या घरच्या सुनेनं विचारलं, आबा, सोडायला कुणाला पाठवू का घरापर्यंत?

मी नको म्हणालो.